आवाज न करता

आर्सेनियोने दार ढकललं तेव्हा नेरेइदा स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. फ्रिजला पाठ टेकलेली, पाय लांब सोडलेले, चपला कुठेतरी बाजूला. लाइट गेलेली होती, त्यामुळे फ्रिजही गप्प होता आणि पंखाही. तिच्या हातात आंब्याची कोय होती, चोखून पांढरी झालेली, आणि टाकायचं विसरून तिने ती तशीच धरली होती. ती कशाकडे बघत होती असंही नाही. पण तिचा चेहरा पाहून आर्सेनियो उंबऱ्यातच थबकला. नाक तेच, भुवईवरचा तीळ तोच, तरी तो चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. कुणाचीही वाट बघत नसलेल्या, कुणासाठी काहीही करायचं नसलेल्या बाईचा तो चेहरा होता. सुखी म्हणावा तर हसत नव्हता, दुःखी म्हणावा तर चांगला सैल आणि शांत होता. मग तिची नजर त्याच्यावर गेली, आणि पाहुणे आल्यावर दिवाणावरचे कपडे घाईघाईने गोळा करावेत तसा तिने तो चेहरा गोळा केला. डोळे मोठे झाले, ओठांवर नेहमीचं हसू आलं, कपाळावर नेहमीची थोडीशी काळजी आली. पापणी लवायच्या आत सगळं जागच्या जागी होतं. "आलास?" ती म्हणाली. "गाडी ऐकूच आली नाही."

"तीच तर तिची गंमत आहे," आर्सेनियो म्हणाला आणि नेहमीसारखा मोठ्याने हसला. मोटोरिना, म्हणजे ती बॅटरीवर चालणारी स्कूटर, त्याने पुढच्या खोलीत सोफ्याला खेटून उभी केली, कारण हवानात मोटोरिना रात्रंदिवस घरातच ठेवायची असते, बाहेर ठेवली तर सकाळी नुसती साखळी सापडते. नेरेइदा उठून कॉफीचं भांडं शोधू लागली. घडलं ते एवढंच. तो कॉफी प्यायला, आंघोळ केली, अंगणात पाय पसरून बसला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून त्या कोयीचा विचार करतो आहोत.

आर्सेनियो हा शंका काढत बसणारा माणूस नव्हता. वेदादोतल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आतून हाका मारत असायची, आणि वरून याचा आवाज यायचा, शांत राहा, मी आलोय, की रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. तो आला की लिफ्ट चालू व्हायचीच असं नव्हे, पण तो आला म्हणजे आता काहीतरी होणार असं सगळ्यांना वाटायचं, आणि सगळ्यांत जास्त त्याला स्वतःला. घरीही तो तसाच यायचा. तीसेक वर्षं तो एका जर्मन मोटारसायकलवर घरी आला. चांगल्या कामाबद्दल कामगार संघटनेने त्याला ती घ्यायची परवानगी दिली होती, आणि ला विबोरातल्या त्याच्या गल्लीत तिला सगळे 'जर्मनीण' म्हणत. जर्मनीण खालच्या चर्चपाशी वळली की तिचा खोकला ऐकू यायचा. चढावर ती ओरडायला लागायची, कुत्री उठायची, पलीकडची म्हातारी धुराच्या नावाने शिव्या देत खिडकी लावून घ्यायची, आणि नेरेइदा गॅसवर कॉफी ठेवायची. तो हेल्मेट काढून आत येईपर्यंत कॉफी भांड्यात वर येत असायची. इतक्या वर्षांत त्याने बायकोला कॉफी ठेवताना कधी पाहिलंच नव्हतं. घराला भिंती असतात तशी कॉफी असायची, आणि कॉफीच्या शेजारी तो हसरा, थोडासा काळजीचा चेहरा असायचा. आता अंगणात बसल्याबसल्या त्याला कळलं की जर्मनीण चर्चपासून दारापर्यंत यायला जेवढा वेळ घ्यायची, तेवढ्या वेळात नेरेइदा एक नव्हे, दोन गोष्टी तयार करत होती. हे त्याला बरं वाटलं नाही. त्याने ते बाजूला ठेवायचा प्रयत्न केला, पण ते बाजूला राहीना.

जर्मनीण त्याने विकली ती पेट्रोलपायी. पेट्रोलच्या रांगेत झोपून, रांगेत जेवून, रांगेतच दाढी वाढवून माणूस शेवटी पंपापाशी पोचायचा तेव्हा पंपवाला पाटी उलटी करत असायचा. एक दिवस तो असाच रिकामा परत आला, जर्मनिणीला ढकलत, चढ चढत, आणि त्याच आठवड्यात त्याने मोटोरिना घेतली. निळ्या रंगाची, चिनी, बुटकी, दिसायला खेळण्यातली. पहिल्या दिवशी गल्लीतली पोरं तिला हसली. पण आर्सेनियो एकदा एखाद्या गोष्टीच्या बाजूने उभा राहिला की ती गोष्ट जिंकलीच पाहिजे असा त्याचा खाक्या. त्यामुळे महिन्याभरात मोटोरिनाचा वकील म्हणून तो सगळ्या ला विबोरात प्रसिद्ध झाला. त्याचं कोर्ट म्हणजे उबाल्दोचा व्हरांडा. उबाल्दोचं घर बाळंतपणाच्या इस्पितळाच्या लायनीवर होतं, म्हणून बाकीच्या वस्तीची लाइट गेली तरी त्याची सहसा जात नसे. अर्धी वस्ती आपापल्या मोटोरिना चार्ज करायला तिथे आणून बांधायची, आणि व्हरांड्याचा पार गोठा झालेला असायचा. गंमत म्हणजे उबाल्दो स्वतः पक्का पेट्रोलवाला. त्याची जुनी मोटार ताडपत्रीखाली कोरडी पडून होती, आणि या मुक्या गाड्यांना शिव्या घालत घालत तोच त्यांच्या वायरी जोडून द्यायचा.

तिथे डॉमिनोच्या सोंगट्या मांडता मांडता आर्सेनियो बाजू मांडायचा. धूर नाही, तेल नाही, लाथ मारून सुरू करणं नाही, कपड्यांना वास नाही. कुणापुढे डबा घेऊन उभं राहायला नको. बिघडायला तिच्यात आहेच काय, दोन वायरी आणि चार बोल्ट, लिफ्टवाल्याला तर ती घरचीच. उबाल्दो एकेक सोंगटी आपटत विरुद्ध बाजू मांडायचा. लाइट गेली की तुझी गाडी म्हणजे नुसती खुर्ची, आणि लाइट तर रोज जाते. समुद्र रस्त्यावर आला की तिला पाणी चालत नाही. दोन माणसं बसली की चढावर ती रडते. बॅटरी म्हातारी झाली की नवी कुठून आणणार, ते बोल. आणि पेटतात त्या, पलीकडे सेर्रो वस्तीत एकाची पुढची खोली जळली, सोफ्यासकट. यावर आर्सेनियोचं उत्तर तयार असायचं. पेटतात त्या गाढवांच्या पेटतात. लाइट गेली तरी प्लग तसाच ठेवतात, म्हणजे आली की आपोआप चार्ज व्हावी, फुकट जाऊ नये एक क्षणही. आणि इथली लाइट कशी येते, तर दार लाथेने उघडून येते. आपण आधी प्लग काढतो, मग लाइट गेल्याबद्दल शिव्या देतो, क्रम सोडत नाही. सगळे हसायचे, आणि डाव बहुतेक आर्सेनियोच जिंकायचा.

पण कोयीच्या दुसऱ्या दिवशी उबाल्दो म्हणाला, "खरा दोष तुला अजून कळलेलाच नाही. जर्मनीण यायची तेव्हा सगळ्या गल्लीला कळायचं, आर्सेनियो आला. आता तू मांजरासारखा येतोस. बायकोला विचारून बघ एकदा, आवडतं का तिला."

कुणीतरी मागून म्हणालं की तिच्या बिचाऱ्या याराला खिडकीतून उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नसेल. व्हरांडा हसला, आणि सर्वांत मोठ्याने आर्सेनियो हसला, कारण खिडकीतून उडी मारणारा कुणी नाही याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. असता तर बरं झालं असतं, असं घरी जाताना त्याच्या मनात आलं आणि तो दचकला. असता तर त्याची कॉलर धरता आली असती. ओरडता आलं असतं, रडता आलं असतं, उबाल्दोला सांगता आलं असतं. पण इथे होती ती नुसती एक बाई, फरशीवर पाय पसरून बसलेली, आणि तिच्या त्या बसण्यात आर्सेनियोला कुठेही जागा नव्हती. तो नसण्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नसावं. तो तिथे नव्हताच. उबाल्दोच्या यादीतल्या सगळ्या दोषांना त्याच्याकडे उत्तर होतं. गाडीचं हे मुकेपण मात्र गुण म्हणावं की दोष हेच त्याला ठरवता येईना.

मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याच्यासारख्या माणसाला शोभणारी नव्हती. लाइट नसली की लिफ्टची कामं बंद पडतात, त्यामुळे तो भलत्याच वेळी मोकळा व्हायचा. तसा तो येऊ लागला, कधी सकाळी, कधी भर दुपारी, चर्चपासून वेग कमी करून, गाडी भिंतीच्या सावलीतून आणत. टायरांचा वाळूवर होणारा आवाज तेवढा व्हायचा, तोही एखाद्याने पान उलटावं एवढा. एकदा नेरेइदा नळाखाली मनगटं धरून उभी होती, पाणी वाहून चाललं होतं. एकदा ती काहीतरी गुणगुणत होती, आणि ते गाणं त्याने तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. एकदा ती नुसती खिडकीत होती. दर वेळी तोच चेहरा, आणि दर वेळी नजरानजर होताच तीच आवराआवर. "आलास?" आपल्याच घराच्या दारात आपण चोरासारखे उभे आहोत हे त्याला कळत होतं. शरम वाटत होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चर्चपाशी वेग कमी करायचा. एकेकदा त्याला वाटायचं, हळूच मागे फिरावं, ती उठायच्या आत निघून जावं, म्हणजे तो चेहरा मोडायचा नाही. पण मग जायचं कुठे, घर तर हेच.

शेवटी स्वतःचाच राग येऊन त्याने उलटं केलं. चर्चपाशी वळलं की तो शीळ घालू लागला. मोटोरिनावाले बरेच जण शीळ घालतात, किंवा तोंडाने सरका, सरका म्हणत जातात, नाहीतर कानावर विसंबून रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसं सरळ अंगावर येतात. गल्लीला त्यात नवल वाटलं नाही. पहिल्याच दिवशी तो आत येईपर्यंत कॉफी भांड्यात वर येत होती, जर्मनिणीच्या दिवसांसारखी, आणि नेरेइदा दारात उभी होती, हसरी, थोडीशी काळजीची. "दमलास?" ती म्हणाली. सगळं पुन्हा पूर्वीसारखं झालं होतं, आणि त्याने कप तसाच खाली ठेवला. पूर्वी तो हा चेहरा बघायचा तेव्हा त्याच्यामागे काही आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आता त्याला दिसत होतं की तो ताजा आहे, नुकताच घातलेला, त्याची घडी अजून मोडलेली नाही. तिने तो प्रेमाने घातला होता, हेही त्याला दिसत होतं, आणि त्याचंच सगळ्यांत जास्त दुखलं. कुणीतरी आपल्यासाठी इतकी वर्षं इतके कष्ट घेतले आणि आपण म्हणत राहिलो, आमच्या घरात कसलीच कटकट नाही.

त्यातून पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. ही गोष्ट आतापर्यंत त्याला एखाद्या सणासारखी वाटत आली होती. तिच्याबद्दल तो नेरेइदाशी कितीतरी वेळा बोलला होता. म्हणजे बोलला होता तोच. मी दिवसभर घरी असेन, स्वयंपाकघरात तुला फळी लावून देईन, अंगणात कोंबड्या पाळू, दुपारी तुला एकटं बसायला नको. यावर ती म्हणाली होती, "छान." तेव्हा तो शब्द त्याला नुसता छान वाटला होता. आता त्याने तो मनात पुन्हा ऐकला, पुन्हा पुन्हा ऐकला, आणि त्याला जाणवलं की तो म्हणताना तिचे हात बटाट्याची साल काढायचे थांबले होते. साल अर्धी लोंबत होती. मग सुरी पुन्हा चालू झाली.

निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना नेरेइदा म्हणाली की ती दूर सिएनफुएगोस शहराला जाते, मिग्दालियाकडे. मिग्दालिया ही तिची बहीण, एकटी राहायची, अधूनमधून बोलवायची. आर्सेनियोने विचारलं, किती दिवस? नेरेइदा म्हणाली, "बघते." तिच्या तोंडी हा शब्द नव्हता. ती सोमवार म्हणणारी, शनिवार म्हणणारी बाई होती. पिशवी तिने आदल्या दिवशीच भरली, छोटीच, पण तिच्यात तळाशी लोकरीचा स्वेटर घातलेला त्याने पाहिला. बाहेर जूनचा उकाडा होता, आणि सिएनफुएगोसला काही बर्फ पडत नाही. स्वेटर हिवाळ्यात लागतो. आर्सेनियोने पिशवीची चेन लावली, कारण ती उघडी होती, आणि काही विचारलं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तो नेहमी सांगायचा की घाबरून दारं ओढू नका, वेडीवाकडी होतात. तसं तो स्वतःला सांगत होता. पण ती परत येणार नाही ही भीती काही गेली नाही. मी तुला बसअड्ड्यावर सोडतो, तो म्हणाला. तिने मोटोरिनाकडे पाहिलं. आजपर्यंत ती तिच्यावर बसली नव्हती, त्या मुक्या गाडीची मला भीती वाटते म्हणायची. मग ती म्हणाली, चल.

जर्मनिणीवर मात्र ती खूप बसली होती. लग्नाआधी तो तिला ग्वानाबोच्या समुद्रावर घेऊन जायचा, आणि ती मागे बसून बोलायची. तिच्या बोलण्याची ऊब त्याला मानेवर लागायची, तिच्या छातीची थरथर पाठीला लागायची, शब्द मात्र एकही पोचायचा नाही. सगळे जर्मनीण खाऊन टाकायची. "काय?" तो ओरडायचा. "काही नाही, पुढे बघ," ती कानाशी ओरडायची. पुढे पुढे त्याने काय म्हणणं सोडलं. तिने बोलणं सोडलं नाही. इस्पितळात जाताना, लग्नांना, मयतांना जाताना, मिग्दालियाला पोचवून येताना ती मागे बसून बोलत असायची. त्याला वाटायचं गात असेल. बरं वाटायचं त्याला ते, पाठीवर एक मांजर घुरघुरत असल्यासारखं.

सकाळी ते निघाले. पिशवी त्याच्या पायांपाशी, ती मागे, हात त्याच्या कमरेला. उतारावर मोटोरिना नुसती घरंगळत होती. आर्सेनियोला खराट्याचा आवाज ऐकू आला, कुणाच्या तरी घरातल्या कुकरच्या शिट्ट्या, एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत चाललेलं भांडण. कोपऱ्यावर बेकरी लागली, आणि बेकरीच्या पुढे त्याला मागून नेरेइदाचा आवाज आला. आधी त्याला वाटलं ती त्याला काही सांगते आहे. सवयीने काय म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण ती थांबत नव्हती, उत्तराची वाटही बघत नव्हती. ती नेहमी मागे बसून बोलायची तशी बोलत होती. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने ठरवूनच टाकलं होतं की या माणसाच्या पाठीला काही ऐकू जात नाही. गाडी बदलली आहे हे तिच्या तोंडाला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"तू वाईट नाहीस," ती म्हणत होती. "वाईट असतास तर केव्हाच गेले असते. तू चांगला आहेस, हीच तर सगळी पंचाईत आहे. तू आलास की घर नुसतं तुझ्याने भरतं. तुझा आवाज, तुझं हसणं, तुझी मतं, आणि मला बसायला कोपरा उरत नाही. तरी दिवसभर तू नसायचास म्हणून चालून गेलं. लाइट गेली की मला आवडतं, ठाऊक आहे? सगळे ओरडतात, आणि मला आवडतं. कुणी काही मागत नाही. आता तू घरीच असणार. कोंबड्या पाळणार म्हणे. मला विचारलंस का, कोंबड्या हव्यात का? मिग्दालियाकडे मागे एक खोली आहे, तिला खिडकी आहे. तिथे जाऊन बसते. बघते, तुझी आठवण येते का. तू इतका असतोस की तुझी आठवण येते की नाही हेच मला कधी कळलं नाही. आली तर येईन. नाही आली, तर काय करायचं ते मला माहीत नाही, आर्सेनियो. देवाशपथ माहीत नाही."

आर्सेनियोच्या घशाशी सगळी उत्तरं एकदम आली. कोंबड्यांना उत्तर होतं, कोपऱ्याला होतं, लाइट आवडण्याला तर पाच होती. तो इतकी वर्षं जिथे पोचायचा तिथे पहिलं वाक्य त्याचंच असायचं, आणि आता ते वाक्य तोंडात येऊन उभं होतं, शांत हो, मी आहे ना. त्याने ते गिळलं. ते गिळताना त्याला रडू आलं, आणि पुढे रस्ता धूसर झाला म्हणून त्याने वेग कमी केला. मागे ती बोलतच होती, आता लहान लहान गोष्टी, एका जुन्या पडद्याबद्दल, तिच्या आईबद्दल, मूल होता होता राहिलं त्या वर्षाबद्दल. त्याला वाटलं, हे असंच चालू राहावं. बसअड्ड्याला दोन फेऱ्या घालाव्यात, बॅटरी संपेपर्यंत ऐकत राहावं, म्हणजे ही बाई मला एकदाची पूर्ण कळेल. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हे म्हणजे पुन्हा दारात चोरासारखं उभं राहणं आहे. आज तर चोरी त्याहून मोठी होती.

वीया ब्लांका या हमरस्त्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. तो थांबला. मागे न वळता तो म्हणाला, "नेरेइदा, मला ऐकू येतंय."

कमरेवरचे हात निघून गेले. दिवा हिरवा झाला. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवू लागला, पण आर्सेनियो पाय जमिनीला लावून तसाच उभा राहिला, कारण तिने काही धरलेलं नव्हतं.

"कुठपासून?" तिने विचारलं.

"बेकरीपासून."

"म्हणजे सगळंच."

"हो. या गाडीवर ऐकू येतं."

ट्रकवाल्याने बाजूने जाताना दोघांच्या आयांचा उद्धार केला. ती उतरेल असं त्याला वाटलं. उतरून पिशवी उचलून चालू लागेल, अड्डा आता लांबही नव्हता. तो वाट बघत राहिला. मग हात परत आले, आधी एक, नंतर दुसरा, घट्ट नव्हे, पण आले. "मग आता 'काय' म्हणून विचारू नकोस," ती म्हणाली, आणि त्याने गाडी पुढे काढली. मागे तिचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येत होता. मग पुलाखाली ती पुन्हा बोलली, पण आता अडखळत, शब्द निवडत, कारण आता ती त्याच्याशी बोलत होती आणि ते तिला नवीन होतं. येणार नाही असं मी म्हटलेलं नाही, ती म्हणाली. तो म्हणाला, ऐकलं मी. खोटं सांगून जायचं नव्हतं मला, ती म्हणाली, पण खरं कसं सांगायचं तेही कळत नव्हतं, तुझ्यासमोर बसलं की तूच सांगायला लागतोस. तो काही बोलला नाही. त्याला ते फार अवघड गेलं, चढावर गाडी ढकलण्यापेक्षाही, आणि तरी त्याने ते केलं. पुलाच्या सावलीतून बाहेर येताना त्याने एकच प्रश्न विचारला.

"आणि नाही आली आठवण तर?"

"तर येऊन तुला सांगेन," नेरेइदा म्हणाली. "तोंडावर."

बसअड्ड्यावर आरक्षण नसलेल्यांची गर्दी होती, भिंतीपासून रस्त्यापर्यंत विखुरलेली. कुणी झाडाखाली, कुणी पायरीवर, कुणी कोपऱ्यावर पेरू विकत घेताना. नवख्या माणसाला तिथे रांग दिसलीच नसती, पण रांग पक्की होती. आलेल्याने मोठ्याने विचारायचं, शेवटचं कोण? ज्याचा हात वर होईल त्याच्या मागे आपण. एवढं झालं की रांगेत उभं राहायलाच हवं असं नाही. पुढच्याला सांगून माणूस कॉफी प्यायला जातो, घरी जाऊन जेवून येतो, आणि पुढचा त्याची जागा सांभाळतो. नेरेइदाने विचारलं. पिशवीत कोंबडा घेतलेल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला, आणि ती त्याच्या मागे झाली. आर्सेनियोने तिची पिशवी तिच्या पायांशी ठेवली. नीट जा म्हणावं तर ते बसवाल्याच्या हातात, लवकर ये म्हणायचा त्याला आता अधिकार उरला नव्हता, आणि हवं तितकं राहा म्हणायला तो तयार नव्हता. त्याची तिच्यावर माया होती, ती आज त्याला पहिल्यांदा आवाज न करता जाणवत होती, आणि तिचं काय करावं हे त्याला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात एक जाडशी बाई घाम पुसत आली. तिच्या काखेत टेबलफॅन होता, वायर गुंडाळलेला.

"शेवटचं कोण?" तिने सगळ्या गर्दीला विचारलं.

नेरेइदाचा हात वर जाऊ लागला. त्याच्या आधी आर्सेनियोचा गेला.

"मी," तो म्हणाला. "या बाईंच्या मागे मी आहे."

नेरेइदा त्याच्याकडे वळली. "तू कुठे निघालास?"

"कुठेही नाही. नुसती जागा धरून ठेवतो." आणि मग तो फॅनवाल्या बाईला म्हणाला, "मी आता जातोय. कधी येईन ते सांगता येत नाही. पण माझी जागा इथे आहे, हिच्या मागे."

फॅनवाली बाई अशा लबाडांना पुरून उरलेली होती. येतो म्हणून जाणारे, मागून चार भाऊबंद घुसवणारे, तिने सगळे पाहिले होते. तिने आर्सेनियोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याच्याशी न बोलता, रीतीप्रमाणे तिने त्याच्या पुढच्याला विचारलं, "खरं का हो? हा माणूस तुमच्या मागे आहे?"

नेरेइदा आर्सेनियोकडे बघत राहिली, इतका वेळ की कोंबडेवाला म्हातारासुद्धा वळून बघू लागला. आर्सेनियोने आपल्याकडून काही भर घातली नाही.

"हो," नेरेइदा म्हणाली. "माझ्या मागे आहे."

बाईने मान डोलावली, आणि एका माणसापुरती जागा सोडून आपला फॅन खाली ठेवला.